अफूवर्गीय व्यसनाधीनतेवरील औषधोपचार : तत्त्व, पुरावा आणि मर्यादा

हेरॉइन, मॉर्फीन, अफू अथवा तत्सम वेदनाशामके यांच्या आहारी गेलेल्या मनुष्यास त्याच वर्गातील दुसरे द्रव्य देऊन बरे करावयाचे, ही कल्पना प्रथमदर्शनी विसंगत वाटते. तिच्या समर्थनार्थ काट्याने काटा काढण्याची म्हण पुष्कळदा पुढे केली जाते. परंतु ती येथे पुरतेपणी लागू पडत नाही. म्हणीतील दुसरा काटा काम होताच टाकून दिला जातो. या उपचारातील औषध मात्र महिनोगणती, कित्येकदा वर्षानुवर्षे, चालू ठेवावे लागते. एक व्यसन जाऊन त्याच्या जागी दुसरे आले, एवढेच येथे घडते, असा आक्षेप त्यामुळेच घेतला जातो. हा आक्षेप केवळ सामान्य जनांचा नाही. कायदेपंडित, समाजसेवक व वैद्यकव्यावसायिक यांनीही तो वेळोवेळी मांडला आहे, आणि त्याचा परिणाम प्रत्यक्ष रुग्णांच्या जीविताशी निगडित आहे. मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फीन व नाल्ट्रेक्सोन या तीन औषधांचे कार्य शरीरात कसे घडते, त्यांच्या उपयुक्ततेचा पुरावा कोणता, आणि त्या पुराव्याच्या प्रकाशात उपरोक्त आक्षेप कितपत टिकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अवलंबित्व आणि व्यसनाधीनता

अफूवर्गीय द्रव्ये मज्जापेशींच्या पृष्ठभागावरील विशिष्ट प्रथिनांशी संलग्न होऊन आपले कार्य करतात. या प्रथिनांस ‘ग्राही’ अशी संज्ञा आहे. असे ग्राही मेंदूत अस्तित्वात आहेत, हे १९७३ मध्ये बाल्टिमोर, न्यूयॉर्क व उप्साला येथील तीन संशोधकगटांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले. त्यानंतर दोन वर्षांनी ॲबर्डीन येथे जॉन ह्यूजेस व हान्स कोस्टरलिट्झ यांनी शरीरात निसर्गतः निर्माण होणारी अफूसदृश द्रव्ये वेगळी केली व त्यांस एन्केफेलिन असे नाव दिले. ग्राहींच्या अनेक प्रकारांपैकी ‘म्यू’ नामक प्रकार प्रस्तुत विषयात महत्त्वाचा होय. वेदनाशमन, सुखसंवेदना, बद्धकोष्ठ आणि श्वसनमांद्य हे सर्व परिणाम मुख्यतः त्याच्याच द्वारे घडून येतात. अतिमात्रेने येणारा मृत्यू हा बहुधा श्वसन थांबल्याने येतो.

द्रव्याचे सेवन दीर्घकाळ चालले म्हणजे मज्जापेशी त्याच्या दडपणाविरुद्ध आपली अंतर्गत व्यवस्था बदलून घेतात. याची दोन फळे दिसतात. पहिले असे की, पूर्वीच्या मात्रेने पूर्वीइतका परिणाम होत नाही व मात्रा वाढवावी लागते. यास ‘सह्यता’ म्हणतात. दुसरे असे की, द्रव्य एकाएकी बंद झाल्यास दडपण नाहीसे होते, परंतु त्याविरुद्ध उभी राहिलेली व्यवस्था तशीच राहते. मस्तिष्कस्तंभातील लोकस सेरुलियस या केंद्रातील पेशी अनिर्बंधपणे उद्दीपित होतात आणि घाम, कंप, नाकाडोळ्यांतून पाणी, उलट्या, जुलाब, हाडे मोडून आल्यासारखी वेदना व निद्रानाश ही लक्षणे उद्भवतात. मुंबई-पुण्याकडील व्यसनी मंडळी या अवस्थेस ‘टर्की’ म्हणतात. येथे तिच्यासाठी ‘विरामलक्षणे’ हा शब्द योजला आहे.

सह्यता व विरामलक्षणे मिळून जे सिद्ध होते ते शारीरिक अवलंबित्व होय. ते म्हणजे व्यसनाधीनता नव्हे. कर्करोगाच्या वेदनांसाठी कित्येक महिने मॉर्फीन घेणाऱ्या रुग्णाच्या ठायी अवलंबित्व असते. औषध अकस्मात थांबविल्यास त्यालाही विरामलक्षणे होतात. तथापि त्यास कोणी व्यसनी म्हणत नाही. व्यसनाधीनतेचे लक्षण वर्तनात असते. सेवनावरील ताबा सुटणे, हानी दिसत असूनही सेवन चालू राहणे, आणि द्रव्य मिळविण्यापुढे अन्य सर्व कर्तव्यांचा विसर पडणे ही तिची अंगे होत. या दोन कल्पनांतील भेद ध्यानी न घेतल्यानेच औषधोपचाराविषयीचे बहुतेक गैरसमज निर्माण झाले आहेत.

आणखी एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. सह्यता ही कायम टिकणारी नसते. सेवन थांबल्यानंतर अल्पावधीतच ती ओसरू लागते. ओढ मात्र त्या वेगाने ओसरत नाही. जुनी जागा, जुने सोबती किंवा मनावरचा ताण यांनी ती पुष्कळ काळानंतरही जागी होते. अशा वेळी मनुष्य पूर्वीच्याच मात्रेने सेवन करतो, आणि जी मात्रा पूर्वी त्यास पचत होती तीच आता प्राणघातक ठरते.

लेक्सिंग्टनचा अनुभव

अमेरिकेत १९१४ च्या हॅरिसन कायद्याने अफू व तज्जन्य द्रव्यांच्या व्यवहारावर नियंत्रण आले. १९१९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, व्यसनी मनुष्याचे व्यसन चालू राहावे एवढ्याचसाठी त्यास मॉर्फीन लिहून देणे हे वैद्यकीय उपचारात मोडत नाही. त्यानंतर डॉक्टरांनी अशा रुग्णांपासून अंग काढून घेतले व हा प्रश्न पोलीस आणि तुरुंग यांच्याकडे गेला. १९३५ मध्ये केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे संघसरकारने एक विस्तीर्ण संस्था उघडली. ती अर्धी रुग्णालय व अर्धी कारागृह अशा स्वरूपाची होती. द्रव्याची मात्रा हळूहळू कमी करून शरीर त्यापासून मुक्त करावयाचे, शेतात व कारखान्यात काम द्यावयाचे आणि काही महिन्यांनी घरी पाठवावयाचे, अशी तेथील पद्धती होती. शरीर द्रव्यमुक्त करण्याच्या या क्रियेस ‘निर्विषीकरण’ म्हणतात. संस्थेत असेतोपर्यंत बहुतेकांची प्रकृती सुधारे. परंतु बाहेर पडल्यावर बहुसंख्य रुग्ण पुनश्च सेवनाकडे वळत, आणि तेच चेहरे पुनःपुन्हा दाखल होत.

मेरी निस्वॉन्डर या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी लेक्सिंग्टन येथे काम केले होते. व्यसनी मनुष्य हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, अशी भूमिका त्यांनी १९५६ च्या आपल्या ग्रंथात मांडली. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील व्हिन्सेंट डोल हे मुळात चयापचयाचे अभ्यासक होते. १९६४ च्या सुमारास हे दोघे व मेरी जीन क्रीक या तरुण वैद्य एकत्र आले. त्यांनी आरंभी काही रुग्णांना मॉर्फीन देऊन पाहिले. मात्रा सतत वाढवावी लागे, आणि रुग्ण एक तर गुंगीत असत किंवा पुढील सुईची वाट पाहत असत. त्यानंतर त्याच रुग्णांना मेथाडोन सुरू केले तेव्हा वेगळेच दृश्य दिसू लागले. मात्रा स्थिर राहिली, गुंगी गेली आणि रुग्णांचे लक्ष सुईव्यतिरिक्त अन्य गोष्टींकडे वळू लागले. डोल यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे, त्यांपैकी एकाने चित्रे काढण्यास प्रारंभ केला आणि दुसऱ्याने अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्याची इच्छा व्यक्त केली. २२ रुग्णांवरील या निरीक्षणांचा वृत्तांत ऑगस्ट १९६५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ग्राहींचा शोध लागण्यापूर्वी आठ वर्षे हे घडले, हे लक्षणीय आहे.

मेथाडोन : मंदगतीचे मर्म

मेथाडोन हे १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतील हेक्स्ट येथे संश्लेषित झालेले द्रव्य. हेरॉइनप्रमाणेच ते म्यू-ग्राहीचे पूर्ण उद्दीपक आहे, म्हणजे ग्राहीकडून जास्तीत जास्त जेवढे कार्य होऊ शकते तेवढे ते घडवून आणते. मग दोहोंत भेद तो कोणता? तो ग्राहीपाशी नसून कालगतीत आहे.

शिरेतून घेतलेले हेरॉइन काही सेकंदांत मेंदूत पोहोचते. सुखसंवेदनेची एक तीव्र लाट येते, आणि चार ते सहा तासांत परिणाम ओसरून विरामलक्षणांची चाहूल लागते. व्यसनी मनुष्याचा दिवस अशा रीतीने धुंदी, ओसर व तगमग यांच्या फेऱ्यांत वाटला जातो, आणि दर फेरीगणिक सेवन व सुख यांचा संबंध अधिक दृढ होतो. याउलट पोटातून घेतलेले मेथाडोन सावकाश शोषले जाते. रक्तातील त्याचे प्रमाण दोन ते चार तासांनी उच्चतम होते. ते निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, म्हणजे अर्धायुकाल, सरासरीने एक दिवसाच्या आसपास असतो. परिणामी दिवसातून एकदा घेतलेल्या मात्रेने रक्तातील पातळी बव्हंशी समतल राहते. लाट नाही आणि ओहोटीही नाही. सह्यता स्थिर झालेल्या रुग्णास या औषधाने नशा चढत नाही. तो काम करू शकतो, अभ्यास करू शकतो. शिवाय पुरेशी मात्रा घेणाऱ्याने वरून हेरॉइन टोचून घेतले तरी त्याचा अपेक्षित परिणाम फारसा जाणवत नाही, हे डोल व निस्वॉन्डर यांनी प्रयोगाने दाखविले. याकरिता साधारणपणे रोज ६० ते १२० मिलिग्रॅम मात्रा लागते; त्याहून कमी मात्रेत रुग्ण टिकत नाहीत, असा अनुभव आहे.

मंदगती हा या औषधाचा गुण आहे, तसाच धोकाही आहे. पहिल्या दिवशी सोसलेली मात्रा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधीच्या शिल्लक अंशावर चढते आणि श्वसनमांद्य उद्भवू शकते. यास्तव आरंभ सामान्यतः ३० मिलिग्रॅमच्या आत करून मात्रा सावकाश वाढवावयाची असते. अर्धायुकाल व्यक्तीव्यक्तींत ८ तासांपासून ५९ तासांपर्यंत बदलत असल्याने एकाच्या मापाने दुसऱ्यास औषध देता येत नाही. अधिक मात्रेत हृदयाच्या विद्युत्स्पंदनात बिघाड संभवतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे यकृतातील विघटन वाढवून मेथाडोनची पातळी उतरविते, आणि पूर्वी स्थिर असलेल्या रुग्णास विरामलक्षणे सुरू होतात. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या देशात ही बाब विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

ब्युप्रेनॉर्फीन : कार्यास मर्यादा

अफूतील थेबाइन या अल्कलॉइडापासून तयार होणारे ब्युप्रेनॉर्फीन हे १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन लुईस यांच्या मार्गदर्शनाखाली निर्माण झाले. प्रथम ते वेदनाशामक म्हणून प्रचारात आले. व्यसनाधीनतेच्या उपचारात त्याचा उपयोग होईल, असे १९७८ मध्ये डोनाल्ड जसिन्स्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेक्सिंग्टन येथील अभ्यासावरून सुचविले.

या द्रव्याचे दोन गुणधर्म एकत्र पाहावे लागतात. ते म्यू-ग्राहीचे अंशतः उद्दीपक आहे. म्हणजे मात्रा कितीही वाढविली तरी ग्राहीचे कार्य एका मर्यादेपलीकडे जात नाही. श्वसनमांद्यही त्यामुळे मर्यादित राहते, आणि प्रौढ व सह्यता असलेल्या मनुष्यात केवळ या औषधाने अतिमात्रेचा मृत्यू क्वचितच घडतो. मद्य किंवा बेन्झोडायझेपाइन वर्गातील झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्यास मात्र हे संरक्षण उरत नाही. दुसरा गुणधर्म असा की, ग्राहीशी त्याची आसक्ती अतिशय प्रबळ आहे व एकदा संलग्न झाल्यावर ते फार सावकाश सुटते. त्यामुळे ते हेरॉइनला ग्राहीपर्यंत पोहोचू देत नाही.

याच दुसऱ्या गुणधर्मातून उपचाराच्या आरंभीची एक अडचण उत्पन्न होते. शरीरात हेरॉइन असताना ब्युप्रेनॉर्फीन दिल्यास ते हेरॉइनला ग्राहीवरून हटविते, पण त्याच्याइतके कार्य करीत नाही. रुग्णास तत्काळ तीव्र विरामलक्षणे होतात. म्हणून शेवटच्या सेवनानंतर साधारण १२ ते २४ तास थांबून, विरामलक्षणे प्रकट झाल्यावरच पहिली गोळी द्यावयाची असते. हे नीट समजावून न सांगितल्यास रुग्ण पहिल्याच दिवशी औषधाविषयी भय घेऊन निघून जातो.

गिळल्यास या औषधाचा मोठा भाग यकृतात नष्ट होतो, म्हणून गोळी जिभेखाली ठेवावयाची असते. गोळी विरघळवून टोचून घेण्याचा दुरुपयोग टळावा यासाठी तीत चारास एक या प्रमाणात नॅलॉक्सोन मिसळतात. नॅलॉक्सोन हे ग्राहीचे रोधक असून जिभेखालून ते फारसे शोषले जात नाही. टोचून घेतल्यास मात्र ते कार्य करून विरामलक्षणे उत्पन्न करते. एका टोचणीत सुमारे महिनाभर पुरेल असे ब्युप्रेनॉर्फीनचे इंजेक्शन अमेरिकेत २०१७ मध्ये मान्य झाले.

नाल्ट्रेक्सोन : केवळ अडसर

तिसरे औषध नाल्ट्रेक्सोन. ते उद्दीपक नसून शुद्ध रोधक आहे. त्याने नशा येत नाही, अवलंबित्व निर्माण होत नाही आणि विरामलक्षणेही होत नाहीत. ‘दुसरे व्यसन’ हा आक्षेप त्यास कोणत्याही अर्थी लागू पडत नाही. म्हणूनच अमेरिकेत १९८४ मध्ये ते मान्य झाले तेव्हा त्याविषयी मोठी आशा बाळगली गेली होती. प्रत्यक्षात रोजची गोळी घेण्याचे रुग्ण लवकरच सोडून देऊ लागले. कारण उघड आहे. जे औषध केवळ दार अडविते, आतली तगमग शमवीत नाही, ते न घेण्याचा मोह अनावर होतो. शिवाय ते सुरू करण्यापूर्वी सात ते दहा दिवस पूर्ण वर्जन आवश्यक असते.

महिन्यातून एकदा टोचावयाचे नाल्ट्रेक्सोन २०१० मध्ये या रोगासाठी मान्य झाल्याने पहिली अडचण अंशतः दूर झाली. अमेरिकेतील ५७० रुग्णांवरील एका यादृच्छिक अभ्यासात या इंजेक्शनाची तुलना ब्युप्रेनॉर्फीन-नॅलॉक्सोनशी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्युप्रेनॉर्फीन-गटातील ९४ टक्के रुग्णांना औषध सुरू करता आले, तर नाल्ट्रेक्सोन-गटातील ७२ टक्क्यांनाच. चोवीस आठवड्यांत पुनःसेवनाकडे वळलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ५७ व ६५ टक्के होते. ज्यांना औषध सुरू होऊ शकले त्यांच्यात दोन्ही गटांचे फलित जवळपास सारखे दिसले. तात्पर्य, दीर्घ वर्जन आधीच साधलेल्या व स्वतः तशी इच्छा असलेल्या रुग्णास हे औषध उपयुक्त आहे; परंतु बहुसंख्य रुग्ण त्याच्या उंबरठ्यापर्यंतच पोहोचू शकत नाहीत.

पुराव्याची साक्ष

औषध चालू ठेवणे आणि निर्विषीकरण करून थांबविणे या दोन पद्धतींची सरळ तुलना करणारे अभ्यास संख्येने थोडे आहेत, पण त्यांचा कौल एकाच दिशेचा आहे. हाँगकाँग येथे न्यूमन व व्हाइटहिल यांनी १०० हेरॉइनसेवकांना मेथाडोनवर स्थिर करून नंतर दोन गटांत विभागले. एका गटास मेथाडोन चालू राहिले; दुसऱ्याची मात्रा क्रमाने शून्यावर आणून केवळ औषधाभास देण्यात आला. कोणास काय मिळते हे रुग्णांस वा उपचारकांस ठाऊक नव्हते. ३२ आठवड्यांनंतर पहिल्या गटातील ७६ टक्के व दुसऱ्यातील १० टक्के उपचारात टिकून होते. तीन वर्षांनंतर हे प्रमाण ५६ व २ टक्के झाले. हा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्वीडनमधील २००३ चा अभ्यास अधिक विदारक आहे. चाळीस रुग्णांपैकी वीस जणांस वर्षभर रोज १६ मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फीन मिळाले. उरलेल्या वीस जणांची मात्रा सहा दिवसांत उतरवून पुढे औषधाभास देण्यात आला. समुपदेशन व गटोपचार दोन्हींकडे सारखेच होते. वर्षाअखेरीस पहिल्या गटातील तीन-चतुर्थांश रुग्ण उपचारात होते. दुसऱ्या गटातील एकही उरला नव्हता, आणि त्यांतील चौघे मृत्यू पावले होते. पहिल्या गटात मृत्यू घडला नाही. समुपदेशन निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. समुपदेशनाचा लाभ घेण्यासाठी रुग्ण जिवंत व संपर्कात राहावा लागतो, आणि या रोगात केवळ समुपदेशन त्यास धरून ठेवू शकत नाही, एवढाच अर्थ त्यातून निघतो.

वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनासंबंधी अमेरिकेत ६५३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, अल्पकाळ ब्युप्रेनॉर्फीन देऊन ते उतरविल्यावर ६.६ टक्के रुग्णांचेच फलित समाधानकारक होते. पुढील टप्प्यात बारा आठवडे औषध चालू असताना हे प्रमाण ४९.२ टक्क्यांवर गेले, आणि औषध थांबविल्यानंतर आठ आठवड्यांनी पुन्हा ८.६ टक्क्यांवर आले.

मृत्युप्रमाणाविषयीचा एक व्यापक आढावा २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने प्रसिद्ध केला. त्यात मेथाडोन घेणारे १,२२,८८५ व ब्युप्रेनॉर्फीन घेणारे १५,८३१ रुग्ण समाविष्ट होते. दर हजार व्यक्तिवर्षांमागे मेथाडोन चालू असताना ११.३ व बंद झाल्यानंतर ३६.१ मृत्यू आढळले. ब्युप्रेनॉर्फीनसाठी हेच आकडे ४.३ व ९.५ असे होते. दोन औषधांची निवड यादृच्छिक नसल्याने या आकड्यांवरून त्यांची परस्परांशी तुलना करणे उचित नाही. तथापि प्रत्येक औषधाच्या बाबतीत ‘उपचारात’ आणि ‘उपचाराबाहेर’ यांतील अंतर स्पष्ट आहे. मेथाडोनचे पहिले चार आठवडे व कोणतेही औषध सोडल्यानंतरचा लगतचा काळ हे विशेष धोक्याचे असल्याचेही त्यात दिसून आले. वॉशिंग्टन राज्यातील तुरुंगांतून सुटलेल्या लोकांचा २००७ मधील अभ्यास याच निष्कर्षास पुष्टी देतो. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्यातील मृत्यूचा धोका सर्वसामान्य जनतेच्या १२.७ पट होता, आणि त्याचे प्रमुख कारण द्रव्याची अतिमात्रा हे होते. सह्यता ओसरलेली, ओढ कायम आणि औषधाचे संरक्षण नाही, अशी ही स्थिती होय.

आक्षेपाचा परामर्श

आता मूळ आक्षेपाकडे वळता येईल. मेथाडोन अथवा ब्युप्रेनॉर्फीन घेणाऱ्याच्या ठायी शारीरिक अवलंबित्व राहते, हे निर्विवाद आहे. औषध एकाएकी बंद केल्यास त्यास त्रास होतो. परंतु व्यसनाधीनतेची जी वर्तनलक्षणे वर सांगितली, ती मात्र उपचार लागू पडलेल्या रुग्णात क्षीण होत जातात. मात्रा तो स्वतः वाढवीत नाही. ती वैद्य ठरवितो. सुई सुटते, आणि तिच्यासोबत एचआयव्ही व यकृतदाहाच्या विषाणूंचा संसर्गही घटतो. द्रव्यासाठी करावी लागणारी वणवण थांबते. सह्यता टिकून राहिल्यामुळे क्वचित पाऊल घसरले तरी मृत्यूची शक्यता कमी होते. म्हणजे जे शिल्लक राहते ते अवलंबित्व, आणि जे घटते ते व्यसन. ‘एक जाऊन दुसरे आले’ हे विधान या दोहोंस एकच शब्द लावल्यामुळे खरे भासते.

याचा अर्थ हा उपचार निर्दोष आहे असा नाही. बद्धकोष्ठ, घाम, कामेच्छा मंदावणे असे त्रास रुग्णांना होतात. अनेक जण पहिल्या वर्षातच उपचार सोडतात. घरी दिलेले औषध बाजारात विकले जाण्याचा संभव असतो. घरातील लहान मुलाने ते घेतल्यास प्राणावर बेतते. दुसरीकडे, चोरटा व्यापार रोखण्यासाठी रुग्णास रोज केंद्रावर येऊन परिचारिकेसमोर औषध घेण्याची सक्ती केली, तर रोजंदारी करणाऱ्याचा रोजगार बुडतो आणि तो उपचारच सोडतो. सुरक्षितता व सुलभता यांतील हा समतोल प्रत्येक देशाने वेगळा साधला आहे. फ्रान्समध्ये १९९६ पासून सामान्य वैद्यांना ब्युप्रेनॉर्फीन देता येऊ लागले; १९९५ ते १९९९ या काळात तेथे हेरॉइनच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे, पण त्याबरोबर गोळ्या टोचून घेण्याचे प्रकारही दिसू लागले. अमेरिकेत हे औषध २००२ मध्ये मान्य झाले तरी ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना विशेष अनुमती घ्यावी लागे. ही अट डिसेंबर २०२२ मध्ये कायद्याने रद्द करण्यात आली.

भारतातील स्थिती

मराठी वाचकास हेरॉइनचा परिचय १९८० च्या दशकात ‘गर्द’ या नावाने झाला. मुंबई-पुण्यातील तरुणांत पसरलेल्या या व्यसनावर अनिल अवचट यांनी लेखन केले, आणि १९८६ मध्ये अनिल व सुनंदा अवचट यांच्या प्रयत्नांतून पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. मराठीत ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द सामान्यतः संपूर्ण वर्जन या अर्थीच रूढ आहे. मद्याच्या बाबतीत ते ध्येय सार्थ आहे. अफूवर्गीय द्रव्यांच्या बाबतीत मात्र वर्जनानंतरचा काळच सर्वाधिक घातक ठरू शकतो, हा भेद या शब्दात झाकला जातो.

देशातील प्रश्नाचे परिमाण अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून कळते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अहवालानुसार सुमारे २ कोटी २६ लक्ष लोक अफूवर्गीय द्रव्ये घेत होते, आणि त्यांपैकी सुमारे ७७ लक्ष लोकांना साहाय्याची आवश्यकता होती. सेवनात हेरॉइनचे प्रमाण १.१४ टक्के, औषधी गोळ्या व इंजेक्शने यांचे ०.९६ टक्के आणि अफूचे ०.५२ टक्के आढळले. परंपरागत अफूला हेरॉइनने मागे टाकल्याचे त्यावरून दिसते. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७-०८ पासून टोचून घेणाऱ्यांसाठी ब्युप्रेनॉर्फीन-उपचार आपल्या कार्यक्रमात घेतला, आणि पंजाब शासनाने ऑक्टोबर २०१७ पासून बाह्यरुग्ण केंद्रांतून तो उपलब्ध केला. २०२० च्या टाळेबंदीत अनेक दिवसांचे औषध घरी नेण्याची मुभा द्यावी लागली. तत्पूर्वी अशक्य मानलेली ही गोष्ट निकडीने शक्य झाली. ब्युप्रेनॉर्फीनची वेदनाशामक इंजेक्शने स्वतःच दुरुपयोगाची वस्तू झाल्याचा पूर्वानुभव भारतास असल्याने सावधगिरी अनाठायी नाही. परंतु ती औषध दुर्मिळ करण्यापर्यंत गेल्यास तिची किंमत रुग्ण आपल्या प्राणाने देतो.

जागतिक आरोग्य संघटनेने मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फीन यांचा समावेश २००५ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. या औषधांनी व्यसनाधीनतेचे बीज नष्ट होते असा दावा कोणी करीत नाही. ती चालू असतात तोवर रुग्णास जीविताचे संरक्षण व स्थैर्य देतात, आणि त्या स्थैर्याच्या आधारे कुटुंब, शिक्षण व रोजगार पुन्हा उभे करता येतात. काही रुग्ण यथावकाश, स्वतःच्या इच्छेने व वैद्याच्या देखरेखीखाली, मात्रा उतरवून औषधावाचून राहू शकतात. काहींना ते आयुष्यभर लागते. यांपैकी कोण कोणत्या गटात मोडेल हे आधी सांगण्याचे साधन अद्याप उपलब्ध नाही. म्हणून उपचाराची मुदत आगाऊ ठरवून देणे शास्त्रास धरून नाही. तसेच केंद्राचे यश मोजताना ‘किती रुग्णांचे औषध सुटले’ ही संख्या पुढे ठेवणे दिशाभूल करणारे आहे. किती रुग्ण उपचारात टिकले, किती कामावर परतले आणि वर्षाअखेरीस किती हयात आहेत, या नोंदी ठेवल्या गेल्या तरच या उपचाराचे यथार्थ मूल्यमापन होऊ शकेल.